पाच दाबायचं, सहाकडे जायचं

"बाई, सहावा मजला कुठे?" असं कोणी विचारलं की चौकशीबाईंच्या कपाळावर आठी चढायची. कारण त्या इमारतीत सहावे मजले दोन होते. पाचवे दोन होते, चौथे दोन होते, आणि यात कोणाच्या नजरेचा दोष नव्हता. इमारतच तशी होती मेली.

"जुना सहावा की नवा सहावा?" बाई विचारायच्या.

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे काय? कोणाकडे जायचंय?"

"दातांच्या डॉक्टरांकडे."

"मग जुना सहावा. म्हणजे नवा पाचवा. नव्या लिफ्टने गेलात तर पाच दाबा, जुन्या लिफ्टने गेलात तर सहा सांगा."

माणूस मान डोलवायचा, लिफ्टपर्यंत जायचा, अर्ध्या वाटेतून परत यायचा आणि हळूच विचारायचा, "आणि जिन्याने गेलं तर?"

आता याला काय म्हणावं! दात दुखतोय म्हणून आलेला माणूस, त्याला ओरडायचं तरी कसं? बाई तरीही ओरडायच्या. टेबलावर 'चौकशी' अशी पाटी आणि मागे या बसलेल्या, म्हणून सगळी इमारत त्यांना चौकशीबाई म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची ते विचारू नका.

ही अवदसा आणली दोन सख्ख्या भावांनी. फार जुनी गोष्ट. शहराच्या मध्यावर तेव्हा तीन मजल्यांच्या वर कोणी जात नव्हतं. थोरल्या भावाच्या डोक्यात खूळ शिरलं, की आपण दहा मजले चढवायचे, तेही निव्वळ विटेचे. आता विटेचं असं असतं, की वरचं सगळं ओझं खालच्या भिंतीने सोसायचं. जितकं उंच जाल तितकी बुडाशी भिंत जाड. थोरल्याची भिंत खाली इतकी जाड झाली, की खिडकीच्या कोनाड्यात माणूस ऐसपैस मांडी घालून बसेल. दुकानं काढायला निघाला होता, निम्मं दुकान भिंतीनेच खाल्लं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. तरी दहावा मजला चढला तेव्हा लोक रस्त्याच्या पलीकडून मान मोडेस्तोवर बघायचे. अलीकडून कोणी जायचं नाही, पडली तर काय घ्या!

धाकट्याला हे बघवेना. त्याने शेजारचीच जागा घेतली आणि पोलादाचे खांब आणि तुळया एकमेकांना ठोकून आधी नुसता सांगाडा उभा केला. भिंती मागाहून. त्याही कुठून सुरू केल्या, तर मधल्याच एका मजल्यापासून, खाली सगळं उघडं ठेवून! लोक म्हणाले, याला वेड लागलं. पण त्या भिंतींना उचलायचं काही नव्हतंच. ओझं पोलादावर, भिंत फक्त ऊन-वारा अडवायला. म्हणून खिडक्या या एवढ्या रुंद, आत लख्ख उजेड, आणि उंची थोरल्यापेक्षा मुद्दाम चार मजले जास्त. भाऊबंदकी म्हणजे भाऊबंदकी.

इथवर ठीक होतं. घोडं अडलं ते मोजणीवर. थोरला म्हणायचा, जमिनीवरचा मजला हा पहिला. तिथे काय माणसं उभी राहत नाहीत? धाकटा म्हणायचा, तळ तो तळ, त्याच्या वरचा तो पहिला. दोघे मेले, पण मोजणी सोडली नाही. पुढे त्यांच्या नातवंडांनी दोन्ही इमारती एक केल्या, प्रत्येक मजल्यावर मधली भिंत फोडून दार काढलं, आणि दाराच्या अलीकडे-पलीकडे पितळेचे आकडे ठोकले. एका अंगाला सहा, दुसऱ्या अंगाला पाच. चार पावलं सरळ चाललं की माणूस जिना न उतरता एक मजला खाली यायचा. आणि कोणाही शहाण्याला हे बदलावंसं वाटलं नाही.

म्हणजे बाईंनी सांगितलं नाही असं नव्हे. इतके मॅनेजर आले आणि गेले, प्रत्येकाच्या मागे त्यांनी भुणभुण लावली. "अहो, एक काहीतरी करा. सगळे पाच करा नाहीतर सगळे सहा करा, पण एक करा. माझा घसा फाटतो रोज." मॅनेजर हसायचे. म्हणायचे, हीच तर आपल्या इमारतीची गंमत. गंमत! यांना एक दिवस बसवा त्या खुर्चीत, मग बघू कशी गंमत येते ती.

पण ही सगळी जुनी चिडचिड. खरा घोर पुढेच होता, आणि तो बाईंच्या घरातून आला.

बाईंचे यजमान याच इमारतीत नोकरीला होते. जुन्या भागात इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांचं ऑफिस होतं, तिथे ते आयुष्यभर उभ्या टेबलाशी पेन्सिल घेऊन वाकले. सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर बाई कामावर यायला निघाल्या की तेही बरोबर निघायचे आणि जुन्या सहाव्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसायचे. सलूनवाला त्यांचा दोस्त. गिऱ्हाइकाची दाढी होईस्तोवर काका त्याला विटेची भिंत आणि पोलादाचा सांगाडा यांचं महाभारत ऐकवायचे. तोंडाला फेस लावलेला माणूस जाणार कुठे? ऐकायचा बिचारा.

ते महाभारत काकांना अजून तोंडपाठ होतं. कोणत्या भावाने कुठला दगड आणला, कुठल्या मजल्यावर मिस्तऱ्यांनी काम सोडून पळ काढला, सगळं. विसरायचे ते सकाळचं. चहा झाला की नाही, चष्मा कुठे, आज वार कोणता. मग एकदा ते घराच्याच जिन्यात उभे राहिले आणि आपलं दार कोणतं ते त्यांना कळेना. डॉक्टरांनी तपासलं, बाईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं की हे आता वाढत जाणार.

मुलगी लांबच्या शहरात. ती फोनवर म्हणाली, "आई, अशा माणसांना सांभाळणाऱ्या चांगल्या जागा असतात. दिवसभर बघतात, काळजी घेतात. तू नोकरी करून कसं निभावणार?"

"काही झालेलं नाही त्यांना," बाई कडाडल्या. "रोज एकटे वर जातात, एकटे खाली येतात. हरवणारी माणसं अशी असतात का?"

"खरंच एकटे जातात?"

"एकटे म्हणजे एकटे!"

आणि बाईंना ते खरंच वाटत होतं. बाईंनी वाटच तशी घालून दिली होती. जुन्या भागातली लिफ्ट म्हणजे जाळीच्या दाराचा पिंजरा. ती हटकून दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची, त्यामुळे तिच्यात पाय ठेवायचा नाही. नव्या लिफ्टमध्ये शिरायचं, पाच दाबायचं. बाहेर आलं की डाव्या हाताला फोडलेल्या भिंतीचं दार. तिथे सहाचा आकडा दिसेल त्या अंगाला जायचं, पहिलं दार सलूनचं. डावं-उजवं काकांच्या डोक्यात टिकत नव्हतं, पण आकडे टिकत होते. बाई रोज सकाळी लिफ्टपाशी दटावून विचारायच्या, "काय करायचं?"

"पाच दाबायचं, सहाकडे जायचं," काका शाळकरी पोरासारखे म्हणायचे आणि वर जायचे.

हे चालू होतं तोवर सगळं चालू होतं. बाईंची नोकरी, काकांचं सलून, मुलीला फोनवर ठणकावून सांगायचं "काही झालेलं नाही". इमारतीत बाईंनी कोणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. कळलं की लोक कीव करणार, आणि कीव केलेली बाईंना खपत नसे. शिवाय कीव करणारा माणूस पुढचं वाक्य सल्ल्याचं बोलतो, ते तर त्याहून नको.

आणि नेमका अशा वेळी आला नवा मॅनेजर. हौशी. सदा हसतमुख. अग्निशामक दलाने इमारतीत सराव घेतला, त्यांना सांगितलं आठव्यावर आग लागलीय असं समजा, आणि त्यांचे जवान भलत्याच आठव्यावर चढून एका वकिलाला त्याच्या अशिलासकट बाहेर काढून घेऊन आले. वकिलाने कोर्टाची धमकी दिली. मॅनेजरने ठरवलं, बस्स झालं. तो नाचतच बाईंच्या टेबलाशी आला.

"बाई, पेढे द्या! तुमचं म्हणणं मान्य! सगळ्या इमारतीला एकच मोजणी. नव्या भागाची. जुना सहावा आता पाचवा. दोन्हीकडे पाच!"

बाईंना काकांची वाट आठवली. दोन्हीकडे पाच.

"कशाला?" त्या म्हणाल्या.

"कशाला? तुम्हीच तर सांगत होता म्हणे प्रत्येकाला!"

"मी सांगत होते. पण आता... लोकांना सवय झालीय."

"कुठली सवय? काल एक जण तुमच्यासमोर रडकुंडीला आला होता."

"जुनी इमारत आहे. इतिहास आहे तिला. त्या दोन भावांची आठवण आहे ती."

"अहो, त्या दोन भावांना तर तुम्ही रोज शिव्या घालता!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी मग मान खाली घालून, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, विनंती केली. "सगळे बदला. पण जुन्या सहाव्यावरचा, सलूनजवळचा, तेवढा एक आकडा राहू द्या."

"का बरं?"

एवढंच सांगायचं होतं, की माझ्या नवऱ्याला त्या आकड्यावाचून वाट सापडत नाही. एका वाक्याचं काम. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, त्याने ठेवलाही असता. पण बाई टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या. "उगीच," त्या म्हणाल्या. "बरा दिसतो."

"एकाचा ठेवला तर सगळेच मागतील," मॅनेजर म्हणाला आणि हसत निघून गेला.

मागायला आलेच सगळे. दातांचे डॉक्टर म्हणाले, माझी सगळी गिऱ्हाइकं सहावा म्हणून ओळखतात, मी पाचवा का होऊ? वरचा एक व्यापारी म्हणाला, दहाव्यावरून नवव्यावर म्हणजे माझी पत घसरली. कोणी कोणाचं ऐकलं नाही आणि आकडे बदलायचे ते ठरलेच. काकांना नवी वाट शिकवायची म्हणून बाई रोज घरी घोकून घ्यायला लागल्या. "पाच दाबायचं, बाहेर यायचं, डावीकडे वळायचं." काका म्हणायचे, "कळलं." मग म्हणायचे, "आणि सहाकडे जायचं." बाईंनी एकदा हातातली वाटी आदळली. "सहा नाही! सहा नाही आता! किती वेळा सांगू?" काकांनी वाकून वाटी उचलली आणि पुसून जागेवर ठेवली. ते बघून बाईंना स्वतःचाच इतका राग आला, की त्या रात्री जेवल्या नाहीत.

शेवटी ठरवलं, नवे आकडे लागतील त्या दिवशी आपणच हाताला धरून वर नेऊन सोडायचं. पुढचं पुढे.

तो दिवस उजाडला आणि सकाळीच तळमजल्यावर जत्रा भरली. ज्यांना जुने आकडे पाठ होते ते नव्या आकड्यांवर भांडत होते, ज्यांच्याकडे नवे पत्ते होते ते जुन्या लिफ्टमध्ये अडकले होते. म्हणजे पूर्वी एका मजल्याची नावं दोन होती, आता तीन झाली. जुना सहावा, नवा पाचवा आणि "आधी जो जुना सहावा होता तो पाचवा". आगीतून निघून फुफाट्यात. बाईंच्या टेबलाभोवती माणसांचा गराडा पडला आणि जो तो त्यांच्याच अंगावर ओरडत होता.

"अहो, तिथे बाकावर बसा. मी येते, मग वर जाऊ," बाईंनी काकांना सांगितलं.

"बसतो," काका म्हणाले. गर्दीतून मध्येच बाईंनी वाकून पाहिलं, ते बसले होते. पुन्हा पाहिलं, बसले होते. मग एका बाईने पत्त्याचा कागद नाकाशी धरून कचाकचा भांडण काढलं, ते चौकशीबाईंनी मिटवलं आणि पाहिलं, तर बाक रिकामा.

गेले असतील वर, नेहमीसारखे, बाईंनी स्वतःला समजावलं. आणि उरलेल्या लोकांना उत्तरं देत राहिल्या, पण कोणाला काय सांगितलं ते त्यांना कळत नव्हतं. एवढ्यात जुन्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून सलूनवाला खाली उतरला, खांद्यावर टॉवेल तसाच.

"बाई, काका आज आले नाहीत का? म्हटलं तब्येत..."

बाई उठल्या. टेबलाला धरून उभ्या राहिल्या. समोर ती सगळी ओरडणारी माणसं, तिथे मॅनेजर, तिथे जुन्या लिफ्टचा लिफ्टमन. आता गप्प बसण्यात काही अर्थ नव्हता. "माझे यजमान हरवलेत," त्या मोठ्याने म्हणाल्या. "त्यांना आठवत नाही. त्यांना काहीच लक्षात राहत नाही, बरेच दिवस झाले. ते या इमारतीत कुठेतरी आहेत आणि त्यांना कळत नाहीये ते कुठे आहेत."

लिफ्टमन पुढे आला आणि म्हणाला, "बाई, ते माहीत आहे आम्हाला. कुठे शोधू ते सांगा."

"माहीत आहे?" बाई भडकल्या. "माहीत आहे तर बोलला का नाहीत कोणी?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून," तो म्हणाला. "परवा ते जुन्या तिसऱ्यावर उतरले होते, मीच सोडलं सलूनला. त्याआधी दातांच्या डॉक्टरांच्या नर्सने सोडलं. तुम्हाला आवडणार नाही म्हणून कोणी सांगितलं नाही."

म्हणजे ज्या एकट्या जाण्याच्या जोरावर त्या मुलीशी भांडत होत्या, ते एकटं जाणं कधीच संपलं होतं. बाईंना यावर चिडायलाही सवड नव्हती. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला होता. तो नुसताच म्हणाला, "बाई, तो एक आकडा... तुम्ही सांगायचं होतंत हो." मग तो रस्त्याकडे धावला, सलूनवाला जिन्याने, लिफ्टमन पिंजऱ्यातून. बाई नव्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि त्यांनी पाच दाबलं.

काका तिथेच होते. थोरल्या भावाच्या भिंतीतून फोडलेल्या त्या दारात, भिंतीच्या जाडीतच उभे. एकदा या अंगाचा आकडा बघत होते, एकदा त्या अंगाचा. नवाकोरा पितळी पाच, आणि समोर दुसरा पाच. कधीपासून उभे होते कोण जाणे. सांगितलं होतं तसं त्यांनी पाच दाबलं होतं, बरोबर उतरले होते, आणि पुढे सहा नव्हताच.

बाईंच्या तोंडात सकाळपासूनचं सगळं आलं होतं. बसायला सांगितलं होतं ना, ऐकायला काय होतं, जीव घ्याल एक दिवस. त्या तरातरा जवळ गेल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अदबीने बाजूला सरकले.

"बाई, जरा मदत कराल? इथे दोन्हीकडे पाचच लिहिलंय."

बाई थबकल्या. रोज शंभर माणसं त्यांना बाई म्हणायची. या माणसाने आजवर कधी म्हटलं नव्हतं.

"कुठे जायचंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"सहाकडे. सलूनमध्ये. दोस्त वाट बघत असेल."

"या माझ्याबरोबर. इकडे आहे."

त्यांनी काकांचा हात धरला. काकांनी धरू दिला. दोघे जुन्या भागात शिरले, आणि दोन-चार पावलं गेल्यावर काका थांबले, इकडेतिकडे कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक विनंती होती. खाली चौकशीला माझी बायको बसते. मी वाट चुकलो हे तिला सांगू नका."

"का?"

"ती फार चिडते." मग त्यांना ते बरोबर वाटलं नसावं. "म्हणजे लोकांना वाटतं चिडते. ती घाबरते हो. घाबरली की चिडते. हल्ली तर सारखीच चिडते."

चौकशीबाईंना रडू आवरेना. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि काकांचा हात घट्ट धरून सलूनचं दार ढकललं.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या.